डावी मोकळी

उस्तादांनी त्याला मॉनिटर असं कधीच म्हटलं नाही. घरात आला त्या दिवसापासून ती 'काच' होती. आयुष्यभर ट्रक चालवलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणार तरी कुठून? ट्रकवाल्यांच्या बोलण्यात काच म्हणजे समोरची काच, बाकीच्या सगळ्या नुसत्या खिडक्या. ऊन, धुकं, समोरून येणारे शहाणे आणि आडवे घुसणारे दीडशहाणे, सगळे त्या काचेतूनच भेटतात. त्यामुळे टेबलभर पसरलेला, दोन्ही बाजूंनी आत वळलेला तो गेम खेळायचा मॉनिटर त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "काच बरी आहे." त्यांच्या लेकीला तेवढ्याने धन्य वाटलं.

'काच' या शब्दाशी उस्तादांचं त्याआधीपासून एक भांडण चालू होतं. ते घरात फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, आणि पोटात ठेवण्याच्या बाबतीत तिचा हात कोणी धरला नसता.

झालं होतं असं. लायसन्सची मुदत संपली म्हणून उस्ताद डोळे तपासायला गेले. अक्षरं त्यांनी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मग त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. हनुवटी टेकवा, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवू नका, आजूबाजूला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबा. उस्ताद अंगठा बटणावर ठेवून तयारीत बसले. एखाद-दुसरा दिवा दिसला, तेव्हा त्यांनी बटण दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी त्यांनाच त्या यंत्रवाल्या बाईंची कीव आली आणि ते म्हणाले, "ताई, तुमचे दिवे गेलेत वाटतं." दिवे सगळे व्यवस्थित चालू होते.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दुखत नाही, खुपत नाही, नजर कडांकडून आत आटत येते, आणि मेंदू असा लबाड की कमी झालेलं जाणवूही देत नाही. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते टिकवायला थेंब घालायचे, आणि तेही किती टिकेल याची खात्री नाही. लायसन्सचा कागद डॉक्टरांनी टेबलावर आपल्या बाजूला ओढून घेतला, तो काही परत उस्तादांकडे आला नाही. उठता उठता डॉक्टर म्हणाले की हे रक्तातून उतरतं, मुलंबाळं असतील तर त्यांचेही डोळे वेळोवेळी बघून घ्या.

मुलंबाळं म्हणजे एकच, भिंगरी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून बापाने ठेवलेलं नाव, ते बारशाच्या नावाला पुरून उरलं. भिंगरीने क्रेन चालवायचं शिक्षण घेतलं होतं आणि दूरच्या एका बंदरात तिला नुकतीच नोकरी लागली होती. जहाजावरचे कंटेनर उचलून ट्रकवर ठेवायचे. उंच पिंजऱ्यात बसायचं, पायाखाली काच, आणि काचेखाली बापाच्या जातीचे ट्रक मुंग्यांसारखे. "बाबा, आता तुमच्यासारख्यांनी माझी वाट बघायची," असं ती येता-जाता चिडवायची. निघायला महिनाही उरला नव्हता.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर नवरा-बायको बसले. दोघांच्या मनात एकच गोष्ट आली. मागे उस्तादांचा पाय मोडला होता तेव्हा हीच पोरगी शिक्षण अर्धवट टाकून घरी येऊन बसली होती, वर्ष गेलं ते गेलंच, आणि वर त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आता हे कळलं तर ती त्या पिंजऱ्यात चढणारच नाही. बापाच्या आंधळेपणाला काठी म्हणून घरात उभी राहील.

"सांगायचं काय?" बायकोने विचारलं.

उस्ताद म्हणाले, "मोतीबिंदू."

बिंदू तोच ठेवला, नुसती काचेच्या जागी मोती बसवला. एवढ्या स्वस्तात खोटं बोलता येतं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. भिंगरीचा जीव तर भांड्यात पडला. मोतीबिंदू काय, सगळ्यांनाच होतो, काढला की माणूस पुन्हा गाडीवर. मग लगेच काढत का नाहीत? पिकलेला नाही म्हणून. हल्ली पिकायची वाट बघत नाहीत, बाबा. आमचे डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत. यावर ती हसली आणि म्हणाली, ठीक आहे, पिकेपर्यंत तुमचा हात बसलेला राहायला हवा. त्याची सोय मी करते.

अशी ती काच घ्यायची निघाली. शिकत असताना भिंगरीने थोडं गाठीला बांधलं होतं, त्यातून बापाला ट्रक चालवायचा गेम, स्टिअरिंग, पायाखालची पॅडलं आणि मॉनिटर घेऊन द्यायचा तिने चंग बांधला. दुकानदार टक्कल पडलेला, गोड बोलणारा माणूस होता, पण भिंगरीने त्याला पार घाम फोडला. चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं, वळण किती खोल आहे, काळा रंग खरोखर काळा दिसतो की राखाडी, कडेला उजेड झिरपतो का. तो बिचारा एकेक खोका उघडून दाखवत राहिला. तोवर उस्ताद फिरत फिरत कोपऱ्यातल्या एका लहानशा, सपाट मॉनिटरसमोर जाऊन थांबले होते.

"हा बरा आहे की," ते म्हणाले.

ते मनापासून म्हणाले होते. त्या मॉनिटरच्या चारही कडा त्यांना एकदम दिसत होत्या, आणि चारही कडा एकदम दिसण्याचं सुख काय असतं हे त्यांना नव्यानेच कळायला लागलं होतं. पण भिंगरीला वाटलं, बाबा आपले पैसे वाचवतायत. तिने त्यांचा दंड धरला आणि सगळ्यात मोठ्या, कमानीसारख्या वळलेल्या मॉनिटरसमोर आणून बसवलं. तेव्हा त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. पण त्या वाक्यात खरा शब्द आला असता.

दुकानदाराने खुर्ची टेबलाला चिकटवली. "बघा काका, याच्या कडा अशा तुमच्याभोवती येतात. मान वळवायला नको. डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं दिसतं." आणि त्याने एक नमुन्याचं चित्र लावलं. रस्ता, दोन्हीकडे झाडी, आणि मग डावीकडून एक मोटारसायकल अंगावर आल्यासारखी येते. म्हणे सगळी गिऱ्हाइकं तिथे दचकतात, काही जण तर खुर्चीतून अर्धी उठतात. उस्ताद ढिम्म हलले नाहीत. त्यांना मोटारसायकल दिसली ती थेट नाकासमोर आल्यावर, आणि तोवर ती पुढे निघूनही गेली होती.

"मानलं तुम्हाला," दुकानदार म्हणाला.

"उगाच उस्ताद म्हणतात का?" भिंगरी म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की तो पाहून उस्तादांनाही क्षणभर आपण खरोखरच शूर आहोत असं वाटलं. त्यांची बायको तेवढा वेळ वायरींच्या भिंतीकडे बघत होती. तिला वायरींत कधीच काही गम्य नव्हतं.

काच घरी आली. तिच्यासाठी आरशाचं कपाट हलवावं लागलं आणि जेवायचं टेबल भिंतीला लागलं. भिंगरीने सगळं जोडलं, बापाला शिकवलं, आपल्याही लॅपटॉपवर तोच गेम घातला आणि बजावलं की दर रविवारी दोघांनी बरोबर गाड्या काढायच्या, ती तिकडून, ते इकडून, एकाच रस्त्यावर. मग ती गेली. निरोप देताना उस्तादांनी फक्त एवढंच विचारलं की कंपनीत डोळे तपासतात ना. तपासतात, दर वर्षी, ती म्हणाली. मग हरकत नाही, असं म्हणून ते दुसरीकडे बघायला लागले.

त्या काचेत उस्तादांचं मन रमलं, हे मात्र खरं. आंघोळ, नाश्ता आटोपला की ते पँट, शर्ट, पट्टा असे पूर्ण कपडे घालून टेबलाशी बसत. घरच्या कपड्यांत गाडी चालवत नसतात. मधला रस्ता त्यांना लख्ख दिसायचा, डांबरावरचं ऊन, पुढच्या गाडीच्या नंबराची पाटी. गिअर टाकताना खांदा आपोआप हलायचा. पण चौक आला की घोटाळा. डावीकडून काय येतंय, उजवीकडचा सिग्नल कुठला, काही कळायचं नाही. मान वळवून शोधेपर्यंत धडाम.

स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "आज कोण गेलं?"

"कोणी नाही. डेपोचं फाटक गेलं."

असे काही दिवस चेष्टेत गेले. पण चेष्टा कितीही केली तरी रोजचं धडाम माणसाला आतून कुरतडतं. आयुष्यभर ज्याने गाडीला ओरखडा येऊ दिला नाही तो माणूस संध्याकाळी मान खाली घालून जेवायला लागला. एके दिवशी बायकोने शेंगा निवडायचं ताट उचललं, स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या अंगाला येऊन बसली. समोर चौक आला. उस्ताद चाचरले. तिने शेंगेवरची नजर वर केली आणि म्हणाली, "डावी मोकळी."

उस्तादांच्या पायाने आपोआप क्लच सोडला.

हा तिचा जुना शब्द होता. लग्न झालं तेव्हा उस्तादांकडे एक म्हातारा ट्रक होता, त्याचा डावा आरसा कायमचा फुटलेला. बाजूला माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून नवी नवरीच डाव्या खिडकीत बसायची, डोकं बाहेर काढायची आणि रस्ता पाहून सांगायची, डावी मोकळी. कधी, डावी थांब. धाब्यांवर लोक हसायचे. उस्तादांना त्या हसण्याचं काही वाटत नसे, कारण तिने मोकळी म्हटलं की मोकळीच असायची. भिंगरी पोटात राहिली तेव्हा ती गाडीवरून उतरली, आणि पुढच्या गाड्यांचे आरसे शाबूत होते. इतक्या वर्षांत तो शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. आता तो पुन्हा रुजू झाला.

रविवारी मात्र बोलायची सोय नव्हती. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक, आणि पलीकडे भिंगरी. म्हणून बायको उस्तादांच्या दंडावर बोटांनी खुणा करायची. एक टिचकी म्हणजे मोकळी, दाबून धरलं की थांब. भिंगरी तिकडून आपला ट्रक बापाच्या ट्रकशेजारी आणायची, दिवे उघडझाप करायची, भोंगा वाजवायची. "बाबा, बघा, मी तुमच्या बाजूलाच आहे." दंडावर टिचक्यांचा पाऊस पडायचा. "दिसतेस की," उस्ताद म्हणायचे. "गाडी धुतेस का नाही कधी?" ती खळखळून हसायची. मग जाता जाता विचारायची, पिकला का? आणि ते म्हणायचे, कच्चा आहे अजून.

खुर्चीचं त्यांना अपघातानेच कळलं. पाणी प्यायला उठले, स्वयंपाकघराच्या दारातून सहज वळून बघितलं, आणि अख्खी काच दिसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. डावीकडचं झाड, उजवीकडचं झाड आणि मधे रस्ता, सगळं एकदम. नळीतून बघणारा माणूस मागे सरकला की नळीत जास्त मावतं, एवढी साधी गोष्ट. पण उस्ताद हातात तांब्या घेऊन कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले. मग त्यांनी खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढली. स्टिअरिंग बायकोच्या इस्त्रीच्या टेबलावर बसवलं आणि पॅडलांना लांब वायर आणली. काही दिवस गाडी सुरेख चालली. बायकोला त्यांनी थट्टेत सांगितलं की आता तुझी नोकरी गेली.

पण खुर्ची तिथे थांबली नाही. थोड्या दिवसांनी कडा पुन्हा हरवल्या, तेव्हा ती आणखी मागे गेली. मग आणखी मागे. फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे उमटत गेले, आणि केर काढताना बायकोचा हात त्या ओरखड्यांपाशी रेंगाळायचा. डॉक्टरांच्या कागदांवर जे लिहिलेलं असायचं ते तिला वाचता येत नव्हतं. हे येत होतं. ती थेंबांची बाटली आणायची, त्यांची मान मागे करायची आणि थेंब घालायची. एक दिवस तिचं स्टूलही पुन्हा आलं, कोणी न बोलावता.

वर्ष सरता सरता खुर्ची स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पोचली. अर्ध्या स्वयंपाकघरात उस्ताद, अर्ध्या खोलीत स्टिअरिंग. तिथून ती एवढी मोठी काच, जिच्यासाठी आरशाचं कपाट हललं होतं, पोस्टाच्या पाकिटाएवढी दिसायची. कडा दिसायच्या पण पाट्या वाचता यायच्या नाहीत. पुढे गेलं तर पाट्या होत्या, कडा नव्हत्या. पुढे-मागे करता करता उस्तादांच्या लक्षात आलं की मधली जागाच आटत चालली आहे, आणि मागे तर आता चुलीचा ओटा. त्या दिवशी ते गाडी डेपोत लावून नुसतेच बसून राहिले. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघांनाही रडू आलं, पण आधी कोणी रडायचं यावर एकमत झालं नाही.

भिंगरी न सांगता आली ती त्यानंतरच्या आठवड्यात. रजा मंजूर झाली होती, आणि तिने एक मोठी बातमी आणली होती. तिच्या बंदराजवळ एक नावाजलेला डॉक्टर होता, त्याच्याकडे तिने बाबांच्या मोतीबिंदूसाठी तारीख घेऊन ठेवली होती. किल्ली तिच्याकडे होतीच. दार हळूच उघडून ती आत आली, बॅग खांद्यावर तशीच.

यातलं उस्तादांना काहीच कळलं नाही. हेडफोन एका कानावर, दुसरा कान बायकोचं ऐकायला मोकळा, आणि इंजिनाची घरघर. बायकोने त्यांना सगळं नंतर सांगितलं. पोरीने आधी ते इस्त्रीच्या टेबलावरचं स्टिअरिंग आणि उंबरठ्यातली खुर्ची पाहिली आणि तिला हसू आलं. आईला तिने ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मग चवड्यांवर चालत येऊन ती बापाच्या डाव्या बाजूला, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ उभी राहिली, आणि त्यांनी बघावं म्हणून हात हलवायला लागली.

उस्ताद समोर बघत होते. बोलत होते ते बायकोशी.

"रविवारी पुन्हा विचारेल ती, काय झालं म्हणून. यावेळी तू सांग. म्हणावं, कच्चा आहे अजून. माझ्या तोंडी आता शोभत नाही ते."

भिंगरीचा हात हवेत तसाच राहिला.

चौक आला. उस्तादांनी गाडी हळू केली. 'डावी मोकळी' काही ऐकू येईना. "अगं, डावीकडे काय?" त्यांनी विचारलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

"डावी मोकळी नाही," बायको म्हणाली.

त्यांनी ब्रेक दाबला. "काय आलंय?"

"पोरगी आलीये."

उस्तादांनी हेडफोन काढला आणि मान वळवली. आधी बॅगेचा पट्टा सापडला. मग शर्टाची बाही. मग वर उचललेला हात. चेहरा सापडायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्या चेहऱ्याला जे कळायचं ते कळून चुकलं होतं.

"मोतीबिंदू नाही ना?" ती म्हणाली.

"काचबिंदू."

ती खाली फरशीवरच बसली. कंपनीत दर वर्षी तिला तशाच पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायला लावतात, त्यामुळे काचबिंदू म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नाही. बापाने मात्र आधी तेच विचारलं, तिला किती दिवे दिसले. सगळे, ती म्हणाली, आणि उस्तादांनी खुर्चीत पाठ टेकली. एवढं खोटं बोलायला नको होतं, असं ती म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती ते म्हणाली नाही. ती टेबलावरच्या त्या लांबलचक, वळलेल्या काचेकडे बघत होती.

"तुम्ही तो छोटा घेऊ म्हणत होतात," ती म्हणाली. "आणि मी हा आणला. म्हणजे काय दिसत नाही ते मी तुम्हाला वर्षभर रोज दाखवत होते."

"तसं नाही गं."

"तसंच आहे."

मग ती चिडली. तुम्ही दोघांनी माझ्या वतीने परस्पर ठरवून टाकलंत, मी काय परकी होते का, असं आणि आणखी बरंच काही. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. त्यातलं काहीच चूक नव्हतं. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली की नोकरी सोडते, उद्याच कळवते, इथे जवळपास काहीतरी मिळेल, नाही मिळालं तर नाही.

हेच ते वाक्य. हेच ऐकायला लागू नये म्हणून तो बाक, तो मोती, दंडावरच्या टिचक्या. उस्तादांनी वाद घातला नाही. वाद घालायला ते कधीच फारसे हुशार नव्हते. ते म्हणाले, "उठ जरा. माझ्यासमोर उभी राहा."

ती राहिली.

"मागे जा थोडी. अजून. टेबलाला वळसा घाल. अजून जा."

ती मागे मागे जात बाहेरच्या दाराला टेकली.

"हं," उस्ताद म्हणाले. "आता अख्खी दिसलीस. जवळ असलीस की नाक दिसतं, नाहीतर कान. हात धरावा तर चेहरा जातो." त्यांनी तिला नीट न्याहाळलं. "वाळलीस गं. जेवतेस का नाही?"

दाराला टेकून ती ओक्साबोक्शी रडली, आणि त्यांनी ते रडणंही डोक्यापासून चपलांपर्यंत पूर्ण पाहिलं. आपण लेकीला धरायला उठावं असं त्यांना वाटत होतं, पण ते उठले नाहीत. बायको उठली.

रजा संपेपर्यंत भिंगरी राहिली. डॉक्टरांकडे बरोबर गेली, कागद वाचले, प्रश्न विचारले, उत्तरं तीच मिळाली. मोतीबिंदूची तारीख तिने फोन करून रद्द केली. मग एके दुपारी ती काचेसमोर बसली आणि गेमचं चित्र लहान करत आणलं. अगदी मधोमध, वहीच्या पानाएवढं, आणि दोन्हीकडे काळोख. खुर्ची उंबरठ्यावरून उचलून तिने टेबलाशी नेऊन ठेवली. उस्ताद बसले. तेवढ्याशा चौकोनात डावं झाड, उजवं झाड, रस्ता आणि पाटी, सगळं होतं, आणि पाटी वाचता येत होती. "एवढी मोठी काच आणायची आणि वापरायची एवढीशी," ते म्हणाले. कोणी हसलं नाही, तेव्हा ते स्वतःच थोडे हसले. पुढे लागेल तसं आणखी लहान कसं करायचं, ते तिने आईला शिकवलं, दोनदा. आईने मान डोलावली.

ती परत गेली. ती गेली याचं उस्तादांना वाईट वाटलं, आणि ती जायला तयार झाली याचं जरा जास्तच वाटलं. हे दुसरं त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. फाटकातून त्यांनी तिला गल्लीच्या टोकापर्यंत जाताना पाहिलं. लांब गेली तशी ती नीट दिसत गेली, बॅगेसकट. मग वळली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पँट, शर्ट, पट्टा घातला आणि गाडी काढली. बायको ताट घेऊन डाव्या अंगाला बसली. तिची आता तशी गरज नव्हती. चौक आला. लहानशा चौकोनात डावीकडचा रस्ता त्यांना स्पष्ट दिसत होता, रिकामा, उन्हात पडलेला. तरी त्यांनी विचारलं, "डावीकडे काय?"

तिने हातातली शेंग ताटात ठेवली. काचेकडे पाहिलं नाही. ती बाहेरच्या दाराकडे बघत होती.

"डावी मोकळी," ती म्हणाली.

उस्तादांनी क्लच सोडला.